सायलेन्सरचा नट गोल झाला, तर आधी स्टड वाचवा

पाना घसरला की हाताला लगेच कळतं. घट्ट नट सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि पाना नटावरून सरकत नाही. कोपरा जातो तेव्हा पाना नटावर चढल्यासारखा वाटतो, हात पुढे झेपावतो आणि बोटं इंजिनाच्या फिन्सवर, म्हणजे थंड करणाऱ्या पात्यांवर, आपटतात. मग वाकून बघितलं तर नटाच्या कोपऱ्यावर चकचकीत पट्टा दिसतो, कानस फिरवल्यासारखा. तो पट्टा दिसला की हातातला पाना खाली ठेवायचा. तोच पाना, तोच नट आणि आणखी जोर, असं दोनदा झालं की सहाही कोपरे जातात आणि पुढचे सोपे उपाय हातातून सुटतात.

हे दुखणं सगळ्यात जास्त मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या बेंडच्या, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीच्या, नटांना होतं, म्हणून तेच धरून लिहितो. हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, दोन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट), त्यांवर दोन नट, मध्ये फ्लँज (बेंड धरून ठेवणारी पट्टी) आणि आत पॅकिंग. नट लोखंडाचा, स्टड लोखंडाचा आणि स्टड ज्यात बसलाय ते हेड ॲल्युमिनियमचं. यात नटाची किंमत काही रुपये. स्टड थोडा महाग, पण तोही मिळतो. हेडमधले आटे गेले किंवा स्टड आत मोडला, तर मात्र हेड उतरवून ड्रिल, टॅप (आटे पाडणं), हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे बसवणं) अशी दिवसभराची कामं निघतात. म्हणून कुठलाही उपाय करताना एकच गोष्ट बघायची: याचा ताण स्टडवर किती येतोय? नट फाडला, कापला, वितळवला तरी चालेल. स्टडला पीळ बसता कामा नये.

पीळ किती लवकर बसतो ते आकड्यात सांगतो. एम६ नट, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या स्टडवरचा, साधारण १० न्यूटन मीटरला (पिळाच्या जोराचं, टॉर्कचं माप) आवळतात. १५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १५ किलोचा जोर दिला की होतात सुमारे २२ न्यूटन मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. १५ किलो म्हणजे काही फार जोर नाही, बसल्या जागी एका हाताने लागतो. त्यात स्टड वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन, गंजून बारीक झालेला. पान्यात पाइप घालून लांबी वाढवायची सवय ट्रॅक्टरच्या चाकांना ठीक आहे, एम६ च्या स्टडला अजिबात नाही.

नट गोल का होतो

मुख्य कारणं दोन, पाना चुकीचा आणि नट जाम. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतात.

पान्याचं आधी. बाजारात मिळणारा फिक्स पान्यांचा सेट ८-९, १०-११, १२-१३, १४-१५ असा जोडीने येतो. जपानी वळणाच्या गाड्यांत एम८ चा नट १२ चा असतो, म्हणजे त्याला १२ मिलिमीटरचा पाना लागतो, इतर ठिकाणी त्याच एम८ ला १३ चा पाना लागतो. आता १२-१३ चा पाना घाईत उलटा हातात आला की १३ ची बाजू १२ च्या नटावर बसते. बसते आणि थोडी पकडतेही, तिथंच घात होतो. एक मिलिमीटरची ढिलाई म्हणजे पाना नटाच्या सपाट बाजूला टेकतच नाही, फक्त कोपऱ्याच्या टोकावर दाबतो. हलका नट असेल तर निघून जातो. जाम असेल तर कोपरा खातो.

रिंग पाना आणि गोटीचंही (नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) बघून घ्यावं. आत बारा कोपरे असलेली रिंग कुठल्याही कोनात चटकन बसते, पण तिचा भार नटाच्या कोपऱ्यांजवळच पडतो. सहा कोपऱ्यांची गोटी सपाट बाजूवर भार टाकते. जाम नटाला पहिल्या प्रयत्नापासूनच सहा कोपऱ्यांची गोटी लावायची, हा नियम पाळला तर हा लेख वाचायची वेळ निम्म्या लोकांवर येणार नाही. स्क्रू पाना तर इंजिनाच्या आसपासही आणू नये.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. त्या इंजिनात इंची आट्यांचे, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे नट भरपूर आहेत. १/४ व्हिटवर्थचा पाना (१/४ इंच ही बोल्टची जाडी) म्हणजे ०.५२५ इंच, १३.३ मिलिमीटर. १३ चा पाना बसत नाही, म्हणून १४ चा लावला जातो आणि तो ०.७ मिलिमीटर ढिला पडतो. ५/१६ चा पाना १५.२ मिलिमीटरचा, तिथं १६ चा लावतात, पुन्हा तेच. या गाड्यांचे गोल झालेले नट पाहिले की आधीच्या प्रत्येक मिस्त्रीकडे कुठला पाना नव्हता ते वाचता येतं. व्हिटवर्थचे तीन-चार पाने घेऊन ठेवणं हाच त्यावर उपाय.

आता जाम होण्याबद्दल. आपल्याकडे कोल्हापुरात पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याच्या बाजूला रोज जाणारी गाडी चार महिने ओलीच असते. तापलेल्या बेंडवर पाणी उडतं, वाफ होते, पुन्हा उडतं. उसाच्या रस्त्याची लाल माती स्टडच्या उघड्या आट्यांत बसते आणि ओल धरून ठेवते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे नट आणि स्टड यांच्यातली केसाएवढी फट आतून ठासून भरली जाते. म्हणून जाम नट नुसता चिकटलेला नसतो, तो आतून दाबलेला असतो. त्याला वंगणापेक्षा हादरा आणि उष्णता जास्त लागू पडते, ती याच कारणाने.

आणखी एक कारण शेवटी सुचतं, बघायला मात्र पहिलं हवं. नट खरंच उजवीकडे आवळायचा आहे ना? जुन्या बुलेटच्या टायमिंग बाजूला ऑइल पंप फिरवणारा जो वर्म नट आहे, तो उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेने सोडायला गेलं की तो आवळला जातो, आणि पुढचं सगळं होतं. क्लचच्या नटामागे टॅब वॉशर असतो, त्याची पाकळी नटावर दुमडलेली असते. ती सरळ न करता पाना लावला तरी नट गोल होतो. हे दोन्ही बघून मगच जोर.

आधी तयारी

गाडी मेन स्टँडवर. पेट्रोल कॉक बंद. नुसतं तेल मारून ठोकायचं असेल तर टाकी राहू दे, पण पुढे गरम करायचं, कापायचं किंवा वेल्डिंग करायचं असेल तर टाकी उतरवून लांब ठेवायची, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाकायचं. वाळूची बादली हाताशी. फाउंड्रीच्या गावात वाळूला काय तोटा!

किक मारत पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. कापताना उडालेला लोखंडाचा कीस एक्झॉस्ट पोर्टमधून (धूर बाहेर पडतो त्या भोकातून) आत गेला तर काय होतं ते सांगायची गरज नाही. बेंड निघाल्यावर पोर्टमध्ये ग्रीस लावलेलं फडकं घालायचं, आणि त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे नवीन पॅकिंग बसवताना ते आत विसरत नाही.

बीएस-६ या प्रदूषण मानकाची गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर बेंडवर बहुधा ऑक्सिजन सेन्सर असतो. तो आधी कनेक्टर सोडून बाजूला घ्यावा. सिलिकॉनयुक्त स्प्रे त्या सेन्सरला बाधतो. सेन्सर निघत नसेल तर त्यावर पिशवी बांधून मग स्प्रे मारावा.

नटाची बाहेरची घाण तारेच्या ब्रशने खरवडून काढायची. खास करून स्टडचं नटाबाहेर आलेलं टोक. नट तिथूनच बाहेर येणार आहे, आणि त्या आट्यांत गंज असेल तर सुटलेला नटही अर्ध्यात पुन्हा अडकतो. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं. पाच मिनिटं द्यावीत.

तेल, ठोका, वेळ

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतो. तो १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवला गेला, नावातला डब्ल्यूडी त्याचाच. जाम नटावर तो चालतो, पण खास गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल त्याहून बरं. तेही नसेल तर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समान भाग मिसळून वापरतात. हे मिश्रण ठेवलं की वेगळं होतं, म्हणून दरवेळी हलवून घ्यायचं. ॲसिटोन पेटतं आणि रंग, प्लॅस्टिक खातं, तेव्हा ब्रशने थेंब-थेंब लावायचं. रॉकेल, डिझेलने थोडंफार होतं, पण त्यांना वेळ फार लागतो.

तेल मारून लगेच पाना लावला तर ते तेल वायाच गेलं. संध्याकाळी मारायचं, मग नटाच्या सपाट बाजूंवर हलक्या हातोडीने आळीपाळीने आठ-दहा ठोके, नटाच्या माथ्यावर पंच ठेवून दोन-चार. स्टडच्या टोकावर ठोकायचं नाही, आटे चेपतात. ठोके टकटक असे, दरवाजा वाजवल्यासारखे. खिळा मारल्यासारखे नकोत. गंजाची भिंत तडकावी आणि तेलाला वाट मिळावी एवढंच काम आहे. झोपायच्या आधी पुन्हा एकदा तेल, सकाळी पुन्हा एकदा. रात्रभर थांबण्याची तयारी नसेल, तर स्टड मोडण्याची तयारी ठेवावी.

सकाळी पहिला जोर सोडायच्या दिशेने नाही, आवळायच्या दिशेने, अगदी थोडा. नट एक अंशभर जरी हलला तरी गंज तुटला. मग मागे. मग पुन्हा थोडा पुढे. पाव फेरा मागे, त्याच्या निम्मा पुढे, आणि मध्ये तेल. सरळ एका दमात सोडलेल्या नटात गंजाचा चुरा आट्यांत साठतो आणि तो नट वरच्या दोन आट्यांत कायमचा फसतो.

कोपरे थोडे गेले असतील तर

अजून सपाट बाजू दिसत असतील तर लहान मापाची सहा कोपऱ्यांची गोटी ठोकून बसवणं हा सगळ्यात कमी त्रासाचा उपाय. इथं इंची गोट्या फार उपयोगी पडतात, कारण त्यांची मापं मेट्रिक मापांच्या अधल्यामधल्या जागी येतात. १० च्या नटाला ३/८ इंच, म्हणजे ९.५३ मिलिमीटर. १३ च्या नटाला १/२ इंच, म्हणजे १२.७. १२ च्या नटाला ७/१६ इंच, म्हणजे ११.१, किंवा साधी ११ ची. जुनी, भंगारात चाललेली जाड गोटी घ्यावी, चांगली नको, कारण ठोकल्यावर नट तिच्या आत अडकून बसतो आणि नंतर पंचाने काढावा लागतो. गोटीच्या मागे एक्स्टेन्शन लावून त्यावर ठोके द्यावेत, गोटी नटावर शेवटपर्यंत खाली जाईस्तोवर. अर्धवट बसलेली गोटी राहिलेले कोपरेही घेऊन येते.

एका ठिकाणी मात्र हे करायचं नाही: ऑइलच्या ड्रेन बोल्टवर. खालून वर ठोकलं की सगळा मार ॲल्युमिनियमच्या केसवर बसतो आणि केस तडकते. ड्रेन बोल्टसाठी इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करावं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे १२ मिलिमीटरचा बोल्ट शंभर अंश वाढल्यावर केसमध्ये एक शतांश मिलिमीटरहून थोडा जास्त ढिला होतो. ऐकायला काहीच वाटत नाही, पाना लावल्यावर फरक कळतो. मग व्हाइस ग्रिप (जबडे आवळून घट्ट धरून राहणारी पक्कड) आडवी धरून, जबडे घट्ट करून, बोल्टच्या डोक्यावर. गरम तेल हातावर येईल, मोजे घालावेत.

गोल नट काढायच्या खास गोट्याही मिळतात. आतून उलट्या दिशेने पिळलेली धार असते, जसजसं सोडायला फिरवावं तसतशी ती नटात रुतत जाते. चांगल्या असतात, पण बेंडच्या नटाला फिन्समध्ये शिरायला जागा लागते आणि स्टड फार बाहेर आला असेल तर गोटी खोल हवी. घेताना ही दोन मापं बघावीत.

व्हाइस ग्रिप वापरायची तर जबडे नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर, स्टडला काटकोनात. तिरकी धरली की नट गोलाचा अंडाकृती होतो आणि आटे स्टडवर आवळले जातात. नटाला आधी कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून घेतल्या तर पकड कितीतरी चांगली बसते. १२ च्या नटाच्या बाजू ११ पर्यंत कानशीने आणायच्या, १० च्या नटाच्या ९ पर्यंत. मग त्यावर ११ किंवा ९ चा फिक्स पानाही बसतो.

गरम करणं

नटाच्या बाबतीत उष्णता हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय, आणि सगळ्यात जास्त चुका यातच होतात.

एम८ चा नट स्टडपेक्षा दोनशे अंशांनी जास्त तापला तर त्याचं भोक साधारण दोन शतांश मिलिमीटरने मोठं होतं. गंजाची पकड तुटायला एवढं पुष्कळ. पण "स्टडपेक्षा जास्त" हे महत्त्वाचं. मोठी ज्योत लावून दहा मिनिटं सगळंच तापवलं तर नट आणि स्टड बरोबरच पसरतात आणि पदरात काही पडत नाही. बारीक, टोकदार ज्योत, फक्त नटावर, झटपट. ब्यूटेनचा छोटा टॉर्च पुरतो.

इथं फाउंड्रीत काम केलेल्या माणसांनाही सांगावं लागतं, कारण त्यांची नजर लोखंडाची असते. लोखंड तापलं की लाल होतं, डोळ्यांना समजतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल दिसत नाही. चांदीसारखंच राहतं आणि एकदम खचतं. म्हणून रंगावर भरवसा ठेवायचा नाही. नटाशेजारच्या हेडवर ओल्या बोटाने पाण्याचा थेंब सोडत राहायचं. थेंब चुरचुरून उडतो तोवर ठीक. थेंब गोळी होऊन नाचायला लागला की हेड दोनशे अंशांच्या आसपास आहे, ज्योत बाजूला घ्यायची.

नट तापला की ज्योत काढून आट्यांच्या टोकाला मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून स्टडच्या आट्यांतून आत ओढलं जातं. डोळ्यांसमोर नटाच्या कडेवर काळसर ओल पसरताना दिसते. ती दिसली की पाना लावायचा, आवळायच्या दिशेने किंचित, मग मागे. नाही निघाला तर पूर्ण थंड होऊ द्यावा आणि पुन्हा. दोन-तीन वेळा तापणं-निवणं झालं की हट्टी नटही हलतो.

आधी पेनिट्रेटिंग ऑइल मारलेलं असेल तर ते पुसून, उडू देऊन मगच ज्योत. आणि ब्रेक क्लीनर मारून त्यावर कधीही ज्योत नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो आणि तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. तेल साफ करायचं तर साबणाचं पाणी आणि फडकं.

नट फाडणं

एवढ्यावर नट हलला नाही, किंवा कोपरे इतके गेलेत की काहीच पकडत नाही, तर पुढचे दोन तास झटापट करण्यापेक्षा नट सरळ फाडावा. बरेच जण याला शेवटचा उपाय मानतात. मी एम६ च्या नटाला तो तिसऱ्या क्रमांकावरच ठेवतो, तेल आणि उष्णतेनंतर लगेच, कारण यात स्टडला पीळ बसतच नाही.

हिशोब सोपा आहे. १० चा एम६ नट असो की १२ चा एम८ नट, सपाट बाजूच्या मध्यावर भिंतीची जाडी दोन मिलिमीटर. म्हणजे त्या बाजूवर स्टडला समांतर, वरपासून फ्लँजपर्यंत, दीड मिलिमीटर खोल चीर दिली की राहतो अर्धा मिलिमीटर, आणि तो छन्नीच्या एका ठोक्यात फाटतो.

चीर देण्यासाठी जागा असेल तर चार इंची ग्राइंडर आणि एक मिलिमीटरची कटिंग डिस्क. गॉगलशिवाय हात लावू नये. फिन्समध्ये ग्राइंडर जात नसेल तर छोटं रोटरी टूल, आणि तेही नसेल तर नुसतं हॅक्सॉ ब्लेड. फ्रेममधून काढायचं, एका टोकाला फडकं गुंडाळायचं आणि हातात धरून घासायचं. बारीक दातांचं, इंचाला ३२ दातांचं ब्लेड घ्यावं, जाड दात नटाच्या कडेला अडकतात. वेळ जातो, पण ताबा पूर्ण राहतो. चिरेच्या तळाशी लक्ष ठेवायचं: नटाचं धातू सलग चमकतं, आणि स्टडच्या आट्यांजवळ आलं की त्या चमकेत तपकिरी, गंजाची एक बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे नट संपून आटा सुरू झाला. तिथं थांबायचं. आट्याला एखादा ओरखडा आला तरी फार बिघडत नाही, खोल गेलं तर स्टड तिथंच मोडेल.

आता छन्नी. चिरेत छन्नी ठेवायची, आणि नटाच्या पलीकडच्या बाजूला दुसऱ्या माणसाने जड हातोडी टेकवून धरायची. हा आधार विसरू नये, नाहीतर ठोक्याचा सगळा मार स्टडवर जाऊन तो वाकतो किंवा हेडमध्ये मुळाशी सैल होतो. आधार असेल तर एक-दोन ठोक्यांत नट उघडतो. टक् असा आवाज येतो आणि चीर एकदम रुंद झालेली दिसते. त्यानंतर नट बहुधा बोटांनी फिरतो. नाही फिरला तर समोरच्या बाजूलाही तशीच चीर, आणि नट दोन तुकड्यांत.

नट स्प्लिटर नावाचं हत्यार हेच काम स्क्रूच्या दाबाने करतं. उघड्यावरच्या नटाला उत्तम. पण त्याची कडी नटाभोवती बसायला जागा लागते, आणि फिन्सच्या गर्दीत ती बहुतेकदा बसत नाही.

वेल्डिंग

नट खोलात आहे, कापायला जागा नाही, तर वेल्डिंग. आपल्याकडे ही सोय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उद्यमनगरात सीओटू वेल्डिंगवाला शोधावा लागत नाही. साध्या आर्कनेही होतं, २.५ मिलिमीटरचा रॉड लागतो, पण सीओटूमध्ये उष्णता नेमकी जागेवर पडते.

बोल्टचं डोकं गोल झालं असेल तर त्यावर मोठा नट ठेवायचा आणि त्याच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. स्टडवरच्या नटाला तसं केलं तर नट स्टडला चिकटतो. तिथं गोल झालेल्या नटावर बाहेरून टोपीसारखा बसेल असा मोठा नट घ्यायचा, १० च्या नटाला एम१२ चा, आतून थोडा कानशीने मोकळा करून, आणि दोघांच्या कडेच्या फटीत दोन-तीन टाके मारायचे. स्टडच्या आट्यांवर ठिणग्या चिकटू नयेत म्हणून टोकाला ओलं फडकं किंवा तांब्याचा पत्रा गुंडाळावा. टाके मारल्यावर लाली जाईपर्यंत थांबायचं, मग पाना. वेल्डची उष्णता नटाच्या आत जाऊन गंज तोडते, त्यामुळे बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतक्या सहज निघतो. कधी नटाबरोबर स्टडच हेडमधून फिरून बाहेर येतो. तेही चालतं, हेडमधले आटे शाबूत असतात आणि स्टड नवा टाकायचाच होता.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायर सोडाव्यात, सीडीआय किंवा ईसीयूचा (ठिणगी आणि इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कनेक्टर काढावा. अर्थचा क्लँप नटाच्या जितका जवळ लागेल तितका, बेंडवर किंवा फ्लँजवर. चॅसीला लांब कुठेतरी लावला तर करंट क्रँकच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. गाडी चालू झाल्यावर महिनाभराने आवाज येतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

क्लच नटासाठी एक गोष्ट

क्लचचा किंवा क्रँकच्या टोकाचा नट बऱ्याच गाड्यांत सहा कोपऱ्यांचा नसून गोल, चार खाचांचा असतो. त्याची चार दातांची खास गोटी मिळते, पण ती नाही म्हणून छन्नीने खाचेत ठोकून सोडायची पद्धत रूढ आहे. दोन-चार वेळा असं झालं की खाचा उघड्या पडतात आणि नट गोल. त्यावर उपाय बाजारात शोधत बसण्याऐवजी जुनी, नटाच्या बाहेरच्या व्यासाएवढी जाड गोटी घेऊन उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरकडे जावं, नटाचा नमुना दाखवावा, तो तोंडावर चार दात काढून देईल. दात खाचेपेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटरने बारीक हवेत, आणि गोटीच्या मध्ये शाफ्टचं टोक जाईल एवढं मोकळं भोक. अशी गोटी आयुष्यभर पुरते. नट फिरवताना क्लच धरण्यासाठी गिअरच्या दातांत पोलादी तुकडा घालू नये, दात उडतो. क्लच होल्डर नसेल तर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा घडी केलेला पत्रा.

निघाल्यानंतर

जुना नट परत वापरायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. स्टडवर योग्य डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करायचे, एम६ ला १.० पिच (दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये), एम८ ला १.२५. मग नवा नट बोटाने शेवटपर्यंत फिरवून बघायचा. मध्ये कुठं अडकला तर स्टड ताणला गेलाय. मधला भाग किंचित बारीक दिसेल, आटे लांबलेले दिसतील. असा स्टड बदलावा. दोन नट एकमेकांवर आवळून, खालच्या नटावर पाना लावला की स्टड निघतो. हेडमधले आटेच गेले असतील तर एम६ च्या हेलिकॉइलला ६.३ मिलिमीटरचं, एम८ च्या हेलिकॉइलला ८.३ चं ड्रिल लागतं. ते हाताच्या ड्रिलने न करता ड्रिल मशीनवरच करावं, तिरकं गेलं तर फ्लँज बसत नाही.

नवे नट बेंडसाठी पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले घ्यावेत. पितळ गंजत नाही आणि जाम झालंच तर नट आधी जातो, स्टड नाही. नायलॉनचा लॉक नट इथं बिनकामाचा, नायलॉन वितळून जातं. आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्रीस लावल्यावर तोच टॉर्क स्टडला जास्त ताणतो, म्हणून मॅन्युअलमधल्या कोरड्या आकड्यापेक्षा साधारण वीस टक्के कमी आवळावं. मॅन्युअल नसेल तर एम६ ला ८ न्यूटन मीटर, एम८ ला १८ ते २० च्या पुढे जाऊ नये. दोन्ही नट एकदम पूर्ण न आवळता आळीपाळीने, पाव-पाव फेऱ्याने, म्हणजे फ्लँज सरळ बसतो आणि पॅकिंग एका बाजूने दबत नाही.

नवं पॅकिंग पहिल्यांदा तापल्यावर दबतं आणि नट थोडे सैल होतात. म्हणून गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी, इंजिन हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यावं, आणि दोन्ही नटांवर सहा कोपऱ्यांची गोटी लावून पुन्हा एकदा आवळून बघावं. पहिल्या नटाला एक अष्टमांश फेरा तरी बसतोच.